कोळशामागची पोकळी

आनेकल तालुक्याची भूमी ग्रॅनाइटाची. तेथे पाथरवटाच्या छिन्नीला काम पुष्कळ, पण दगडी कोळशाचा एक खडाही त्या खडकात सापडावयाचा नाही. तथापि बोम्मसंद्र, जिगणी व अत्तिबेले येथील कारखान्यांना वीज पुरविणाऱ्या वाहिन्यांचा माग उत्तरेकडे काढीत गेल्यास रायचूर व बल्लारीची औष्णिक केंद्रे लागतात, आणि त्याही पलीकडे गेल्यास वर्धा नदीचे खोरे. बल्लारीच्या केंद्राकरिता तर चंद्रपूर जिल्ह्यातील बरांजची खाणच कर्नाटक विद्युत निगमाकडे आहे. कोळसा असा मुलूख ओलांडून जातो, त्याचे वजन, प्रत व भाडे दफ्तरी रुजू होते. परंतु त्याच्यासंगे वर आलेला दगड, उपसलेले पाणी आणि खाली उरलेली पोकळी यांची तजवीज कोणी व कशी केली, याचा मागोवा घेऊ लागले की कागद विरळ होत जातात.

याच खोऱ्यातील वरोऱ्याची सरकारी खाण १८७१ च्या सुमारास सुरू झाली व १९०६ साली बंद पडली. त्या काळी टाकाऊ पदार्थाविषयीचा विचार साधा होता: शेलचा दगड व कोळशाची भुकटी खाणीच्या तोंडाशी ढिगाने टाकावी आणि पुढच्या कामास लागावे. वर्धा खोऱ्यातील कोळसा हवेतील प्राणवायू शोषून आपोआप तापणारा असल्यामुळे भुकटी मिसळलेला ढीग आतल्या आत धुमसू लागे, आणि भूगर्भात आधाराचे खांब काढून घेतल्यावर जे रिकामे, ढासळते दालन उरते, ज्याला खाणकामगार ‘गोफ’ म्हणतात, तेथे राहून गेलेल्या कोळशाचीही तीच गत होई.

या पोकळीकडे कायद्याचे लक्ष गेले ते १९३९ साली. त्या वर्षीच्या कायद्याने कोळशावर कर बसवून भरावाच्या खर्चासाठी मंडळ नेमले, आणि १९५२ च्या कायद्याने ती व्यवस्था अधिक विस्तृत केली. नदीची वाळू पाण्यात कालवून नळावाटे, केवळ उताराच्या जोरावर, शेकडो फूट खाली सोडावयाची. बांबू व तट्ट्यांच्या आडभिंतीमागे ती साठू द्यावयाची. पाणी झिरपून हौदात उतरले की पंपाने पुन्हा वर आणावयाचे, आणि दबून घट्ट झालेल्या वाळूवर छताचा भार टेकवावयाचा, अशी ही रीत. ती चोख केली तर जमीन खचत नाही, हवा कोंडून आगही लागत नाही. पण एक विसंगती तिच्यात प्रथमपासून होती: खाणीतून निघालेला दगड बारीक करून परत खाली धाडण्यापेक्षा नदीची स्वच्छ, चटकन निथळणारी वाळू स्वस्त पडे, म्हणून ढीग वर तसेच राहिले आणि पोकळी भरण्यासाठी कन्हान-वर्धेची पात्रे उकरली गेली. या व्यवहाराला विल्हेवाट म्हणावयास माझे मन घेत नाही.

ढीग कोठे घालावा हेही दुय्यम मानणे किती महागात पडते, ते वेल्समधील ॲबरफॅनने २१ ऑक्टोबर १९६६ रोजी दाखविले. झऱ्यावर रचलेला खाणीचा ढीग चिखल होऊन शाळेवर कोसळला आणि १४४ जीव गेले, त्यांत ११६ मुले होती.

आपल्याकडे १९७३ चे राष्ट्रीयीकरण आले, १९७५ साली नागपूरला वेस्टर्न कोलफील्ड्सची स्थापना झाली, आणि पुढे उघड्या खाणींचा जोर वाढून मातीचे डोंगर गावांच्या वेशीशी उभे राहिले. अलीकडे नागपूरजवळ त्याच मातीतून वाळू धुऊन काढण्याचे काम सुरू झाले, ते मला खरोखर समंजस वाटते.

राखेचा प्रश्न याच ओघातला. औष्णिक केंद्राजवळच्या खाणीत भराव घालताना वजनाने किमान २५ टक्के राख मिसळावी, असा नियम २००३ च्या सुधारणेने घातला. कल्पना सुरेख आहे, कारण कोळशाचीच राख कोळशाच्या जागी परत जाते. परंतु राखेचा कण अतिसूक्ष्म असल्याने पाणी लवकर निथळत नाही, आडभिंतीवर दाब चढत जातो, आणि ती फुटली तर मागचा गाळ माणसांवर लोटतो. राख टाकण्याइतकेच पाणी काढण्याला महत्त्व देणारा अधिकारीच येथे उपयोगाचा.

खाण बंद करण्याची योजना आधीच आखून तिच्यासाठी रक्कम वेगळ्या खात्यात ठेवावी, हा दंडक २००९ साली आला. त्यातील मूळ दर उघड्या खाणीला हेक्टरी ६ लाख रुपये व भूमिगत खाणीला १ लाख. जे डोळ्यांस दिसते त्याला सहापट मोल, असाच त्याचा अर्थ माझ्या लेखी होतो. २६ ऑगस्ट २०२२ रोजी वर्धा खोऱ्यातीलच घुग्घुसच्या आमराई वॉर्डात, जुन्या भूमिगत कामाच्या माथ्यावर असलेले एक घर पाहता पाहता जमिनीत गडप झाले. खड्ड्याची खोली सत्तर फुटांच्या आसपास सांगितली गेली, घरातील माणसे वेळीच बाहेर पडल्याने बचावली, आणि आसपासच्या कुटुंबांना बिऱ्हाड हलवावे लागले. २००९ पूर्वी थांबलेल्या खाणींकरिता स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे केंद्राने काढली, ती २०२२ च्याच अखेरीकडे. त्यांचा अंमल व्हावयाचा तर प्रथम जुने नकाशे हुडकून, कोणत्या वस्तीखाली किती गोफ भरल्यावाचून राहिला आहे, याची मोजणी करावी लागेल.