मागची गाडी झोका का मारते?

कोलकात्याला गेलो की हाजरा रोडवरच्या महाराष्ट्र निवासात उतरायचं आणि एक रविवार सकाळ बागबाजारसाठी ठेवायची, हा माझा जुना परिपाठ. तिथल्या गॅलिफ स्ट्रीटवर रविवारी पक्षी, मासे आणि रोपांचा बाजार भरतो. एके काळी ट्राम इथपर्यंत येत असे. दोन डबे जोडलेली ट्राम: पुढचा डबा पहिल्या वर्गाचा, मागचा दुसऱ्या वर्गाचा. कोलकात्याच्या ट्राममध्ये मी हटकून मागच्या डब्यात बसत आलो, कारण जोडून चालणाऱ्या गाड्यांचं मला लहानपणापासून वेड आहे.

ट्रामचा डबा डोलतो. रुळावरचं चाक एका बाजूला किंचित उतरतं घडवलेलं असतं, त्यामुळे चाकांची जोडी नागमोडी धावते. या नागमोडीचं गणित क्लिंगेल या जर्मन अभियंत्याने १८८३ मध्ये मांडलं. ठरावीक वेगाच्या आत हे डोलणं आपोआप विरतं. वेग त्यापुढे गेला की वाढतच जातं. रस्त्यावर ओढून नेलेल्या गाडीचंही असंच आहे, फक्त तिला धरून ठेवायला रूळ नसतात.

   

आता मूळ मुद्दा. आडवा वारा आला, खड्डा लागला किंवा शेजारून मोठा ट्रक गेला की ओढलेली गाडी जोडाच्या खुंटीभोवती थोडी फिरते. ट्रकपुढची दाबलेली हवा आधी तिला बाहेर ढकलते, मग आत खेचते. तिची चाकं तिला परत रेषेत आणतात, पण ती रेषेवर थांबत नाही, पलीकडे जाते. हा झोका मारून टाकणारी ताकद टायरच्या रस्त्यावरच्या पकडीतून येते आणि वेगाच्या व्यस्त प्रमाणात घटते. वेग दुप्पट केला तर ती साधारण निम्मी उरते. म्हणून ताशी ६० किलोमीटरला शांत असलेली गाडी ९० ला अचानक शेपूट मारू लागते. चालकाला वाटतं काहीतरी तुटलं. तुटलेलं काही नसतं, मर्यादेचा वेग ओलांडलेला असतो.

तो वेग ठरतो सामानाच्या भरणीवर, आणि या विषयात मला सर्वांत मोहवणारा भाग हाच आहे. एका खेळण्यातल्या मोटारीमागे मी दोनचाकी ट्रॉली जोडली, तीत मातीचे गोळे ठेवले आणि व्यायामशाळेतल्या धावत्या पट्ट्यावर ती जोडी दोरीने धरून सोडली. गोळा चाकांच्या पुढे असताना ट्रॉलीला बोटाने ढकललं, ती दोन हेलकाव्यांत सरळ झाली. तोच गोळा मागच्या टोकाला नेला, तेवढंच ढकललं. झोके वाढत गेले आणि मोटारीसकट सगळं उलटलं. वजन तेच, वेगही तोच. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात हा प्रयोग जरूर ठेवावा.

म्हणूनच अमेरिकेत प्रवासी ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार हुकवर यावा असं सांगतात. दोन हजार किलोच्या ट्रेलरसाठी २०० ते ३०० किलो. युरोपातल्या हलक्या कॅराव्हॅनचा हिशेब यापेक्षा कमी असतो. जड सामान आसाजवळ आणि खाली ठेवायचं. दोन्ही टोकांना वाटून ठेवलं तर तराजू जुळतो, पण फिरती गाडी थोपवणं कठीण होतं. आसामागे पाण्याची टाकी असेल तर शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो चुकीच्या जागी.

आपल्याकडे हे पाहायचं तर गळीत हंगामात कोल्हापूर-सांगलीच्या रस्त्यावर उभं राहावं. एका ट्रॅक्टरमागे उसाच्या दोन ट्रॉल्या. पहिलीचा लहानसा झोका दुसरीत मोठा होऊन उतरतो, कारण दुसरीचा हुक पहिलीच्या अगदी शेपटाला असतो. उतारावर, ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक नसेल, तर मागचं ओझं ट्रॅक्टरला ढकलतं. त्यांना वाचवतो तो कमी वेग. रिकाम्या ट्रॉल्या घेऊन सुसाट परतणारे ट्रॅक्टर पाहिले की मला धडकी भरते.

महाराष्ट्राच्या २०२१ च्या कॅराव्हॅन पर्यटन धोरणात ओढायच्या कॅराव्हॅनचाही समावेश आहे. परदेशातली अनेक मराठी कुटुंबं तर सुट्टीत त्या भाड्याने घेतात. घर्षणाचे दांडे, भार वाटणारे हुक, इलेक्ट्रॉनिक नियंत्रण ही झोका आवरणारी साधनं चांगलीच आहेत, पण माझ्या मते त्यांचा क्रमांक भरणीनंतरचा. ओढणाऱ्या मोटारीच्या मागच्या टायरांत हवा कमी असेल तर तीही लटपटते. वेगाचे नियम पाळावेत: ब्रिटनमध्ये मोटरवेवर कॅराव्हॅन ओढताना मर्यादा ताशी ६० मैल आहे, कॅलिफोर्नियात ५५.

तरीही झोका सुरू झालाच, तर ॲक्सिलरेटरवरून पाय काढा आणि स्टिअरिंग सरळ धरून ठेवा. झोक्याच्या उलट वळवू नका, मोटारीचा ब्रेक जोरात दाबू नका. ट्रेलरच्या ब्रेकसाठी हाताशी वेगळी कळ असेल तर फक्त तोच ब्रेक लावा. वेग वाढवला की गाडी सरळ होते, असं सांगणारे भेटतात. त्यांचं ऐकू नका. गाडी शांत झाल्यावर बाजूला घ्या आणि सामान पुढे सरकवल्याशिवाय निघू नका. कॅराव्हॅन भाड्याने घेताना मालकाला आधी एकच विचारा: सामान भरल्यावर हुकवर किती किलो येतात? उत्तर मिळालं नाही तर वजनकाट्यावर जाऊन स्वतः मोजा.