आंबिल ओढा: कोरड्या पात्राचा पूर

पुण्याच्या दक्षिणेस कात्रजच्या डोंगरात उगम पावणारा आंबिल ओढा कात्रज तलावातून पद्मावती, अरण्येश्वर, पर्वती पायथा असा उतरत दांडेकर पुलाखालून मुठेला मिळतो. एके काळी तो जुन्या पुण्यातून वाहत असे. पेशवाईत नानासाहेबांच्या काळी त्याचे पात्र पर्वतीजवळून पश्चिमेकडे वळवण्यात आले.

पुणे सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे. वर्षाचा सरासरी पाऊस साधारण 700 ते 750 मिलिमीटर, आणि त्यातला बराचसा रिमझिम. ओढ्याला खरा धोका असतो तो सप्टेंबर-ऑक्टोबरमधल्या गडगडाटी पावसाचा. दुपारच्या उन्हाने तापलेल्या हवेत उंच ढग तयार होतात आणि थोड्याशा भागावर तास-दोन तासांत कोसळतात. तीव्र उताराचे डोंगर आणि काँक्रीटने झाकलेली जमीन पाणी मुरू देत नाहीत. भिंती, भराव आणि अरुंद पुलांनी आवळलेल्या पात्रात ते झपाट्याने चढते. मुठेच्या पुरात धरणातून विसर्ग सोडण्याआधी इशारा देता येतो. ओढ्याकाठी तेवढी उसंत नसते, म्हणून काठच्या वस्त्यांची चिंता अधिक वाटते.

25 सप्टेंबर 2019 च्या रात्री हेच घडले. अरण्येश्वर परिसरात सोसायट्यांच्या भिंती कोसळल्या, मोटारी वाहून गेल्या. त्या रात्रीच्या पावसाने पुणे शहर व परिसरात वीसहून अधिक माणसे दगावली. पात्राची रुंदी राखणे, पुलांच्या मोऱ्या मोठ्या करणे, पावसाळ्यापूर्वी राडारोडा उपसणे आणि डोंगरउतार मोकळे ठेवणे हे उपाय जुनेच आहेत. त्यांपैकी डोंगरउतारांचे रक्षण सर्वांत निकडीचे, कारण तिथे अडलेले पाणी खाली वस्तीत येतच नाही.