जुन्या मोझॅक लादीचा रंग बदलता येतो का?

आपल्या चौल-रेवदंड्याकडे पर्यटकांना घरातली खोली द्यायची म्हटलं की गटाच्या बैठकीत हमखास विचारणा होते, "ही मळकी मोझॅकची लादी रंगवून घेऊ का? कर्ज मिळेल?" अर्ज लिहिण्याआधी आम्ही लादी कशी बनते ते सांगतो.

मोझॅक म्हणजे सिमेंट आणि संगमरवराची खडी. रंगाची पूड लादी बनतानाच सिमेंटमध्ये मिसळतात. म्हणजे रंग वरून फासलेला नसतो, वरच्या सगळ्या थरात असतो. खडीचा रंग मात्र दगडाचा. त्यामुळे पिवळ्या लादीची निळी करता येत नाही.

पण मळका दिसणारा रंग बरेचदा लादीचा नसतोच. जुनं मेण, तेल, धूर यांची ती पुटं असतात. पॉलिशवाल्याला कपाटाखालच्या दोन लाद्या घासून दाखवायला सांगा. आधी जाड दगड, मग मध्यम, मग बारीक. गटातल्या एका काकूंची 'काळी' लादी घासल्यावर चक्क हिरवी निघाली! घासताना निघणारा सिमेंटचा गाळ मोरीत सोडू नका, तो आत बसून घट्ट होतो. सुपारीच्या आळ्यात तर नकोच.

ऑइलपेंट स्वस्त वाटतो, पण जुन्या घरांत जमिनीतून ओल चढते आणि पावसाळ्यात रंगाचे पापुद्रे सुटतात. हातभर प्लास्टिक चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून एक दिवस लादीवर ठेवा. खाली पाणी जमलं, तर ऑइलपेंट आणि एपॉक्सी दोन्ही विसरा. जमीन कोरडी असेल तर घासून एपॉक्सी देता येतो, पण खडी झाकली जाते. मग मोझॅकची शोभा राहिली कुठे?

लाल मेणपॉलिशने रंग थोडा गडद होतो, पण पुन्हा पुन्हा द्यावं लागतं, आणि साडीच्या काठाला लागतं ते वेगळंच.

संडासाचं अ‍ॅसिड मात्र लादीला लावूच नका. त्याचा फेस येतो तेव्हा मळ निघत नसतो, संगमरवर आणि सिमेंट विरघळत असतं. लिंबू, चिंच सांडली तरी लगेच पुसा.

अर्जासोबत त्या दोन घासलेल्या लाद्यांचा फोटो आणा. पॉलिशचा दर चौरस फुटावर ठरवा आणि किती वेळा, कोणते दगड फिरवणार, तेही कागदावर लिहून घ्या.