सर्वांना सारखीच मजुरी

वसईतल्या एका धर्मग्रामात मी गेले ते तिथल्या एका टीचरांच्या वाक्यामुळे. त्या म्हणाल्या होत्या, "एकच दाखला मी दोन वर्गांत सांगते, आणि दोन्हीकडे तो वेगळाच होतो." रविवारची मिस्सा संपली की पाऊण तास धर्मशिक्षण. तेवढ्यात सारं बसवायचं. मी वेगवेगळ्या रविवारी त्यांच्या वर्गांत बसले.

बालवर्गात क्रुसाची खूण, एक गाणं आणि हरवलेल्या मेंढराची गोष्ट झाली. एका चिमुरडीला एकच शंका होती: सापडल्यावर मेंढपाळाने त्याला खांद्यावर घेतलं का? "घेतलं," टीचर म्हणाल्या आणि तिथेच थांबल्या. पाप, पश्चात्ताप काहीही त्यांनी त्या गोष्टीला चिकटवलं नाही. आपल्याला शोधायला कुणीतरी निघतं, एवढं पाच वर्षांच्या पोराला पुष्कळ झालं.

तिसरी-चौथीचा वर्ग प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकारण्याच्या तयारीचा. पूर्वी कितीतरी ठिकाणी त्यासाठी दहा-बारा वर्षांपर्यंत थांबावं लागे. 1910 साली पोप दहावे पायस यांनी मुलाला समज येण्याचं वय सातच्या आसपास धरलं. इथली मुलं आठ-नऊची. त्यांना द्राक्षमळ्याचा दाखला सांगितला. कुणी पहाटे कामाला लागला, कुणी दुपारी, कुणी दिवस मावळायला तासभर उरला तेव्हा, आणि मालकाने सगळ्यांना सारखीच मजुरी दिली. वर्ग उसळला. "मग सकाळी कशाला जायचं?" "हे चूक आहे, टीचर!" एक मुलगा तर रागाने उभाच राहिला.

जेम्स फाउलर या अमेरिकन अभ्यासकाने 1981 च्या 'स्टेजेस ऑफ फेथ' या पुस्तकात श्रद्धेच्या अवस्था मांडल्या आहेत. या वयाची मुलं गोष्ट शब्दशः घेतात आणि देवाकडून चोख हिशेबाची अपेक्षा करतात, असं तो म्हणतो. समोर तेच घडत होतं. अशा वेळी तयार उत्तर देण्याचा मोह जुना आहे. 1622 साली गोव्यातल्या रायतूरला छापलेल्या फादर स्टीफन्सच्या कोंकणी 'दौत्रीन क्रिस्तां'पासून आपल्याकडे प्रश्नोत्तरांनी धर्म शिकवण्याची रीत आहे. प्रश्न ठरलेला, उत्तर ठरलेलं. त्या पाठांतराचा मला राग नाही. संकटात ओठांवर येतात त्या पाठ केलेल्या प्रार्थनाच. पण रागावलेल्या त्या मुलाला तयार उत्तर दिलं असतं, तर त्याचा राग तेवढा विझला असता. टीचरांनी त्याला विचारलं, "तू मालक असतास तर?" तो विचारात पडला. तेवढ्यात घंटा झाली. पाऊण तास संपला.

नववीची मुलं दृढीकरण संस्काराच्या तयारीला बसलेली. पाठ भिंतीला, मोबाइल दप्तरात. तोच दाखला. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, "नाक्यावर संध्याकाळपर्यंत उभा असतो, त्याच्याही घरी तितकीच माणसं जेवायची असतात." टीचरांनी फळ्याकडे वळवलेला खडू खाली ठेवला. त्या मुलाचं वाक्य मी घरी येऊनही कितीतरी दिवस मनात घोळवत होते. तिसरीतल्या मुलाला दिसला तो मजुरीचा हिशेब, याला दिसलं मजुराचं घर, आणि हे कुणी त्याला शिकवलेलं नव्हतं.

याच वर्गातली एक मुलगी पुढे म्हणाली, तिला आता प्रार्थना करावीशी वाटत नाही. टीचर म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंस." ओरडा नाही, उपदेश नाही. मला हे धाडसाचं वाटलं.

दृढीकरण झालं की या मुलांचा रविवारचा वर्ग बंद होतो. पुढे दहावी, क्लासेस. ज्या वयात प्रश्न बोचायला लागतात, नेमका त्या वयात हा पाऊण तासही जातो, हे मला पटत नाही. टीचरांनाही पटत नाही. त्यांनी फादरांकडे दहावी-अकरावीच्या मुलांसाठी महिन्यातून एक बैठक मागितली आहे. तोवर त्यांनी नववीतल्या काहींना बालवर्गात मदतीला या म्हणून सांगितलंय. प्रार्थना नको वाटणारी ती मुलगी येते म्हणाली. नाक्याबद्दल बोलणाऱ्या मुलाने अजून काही कळवलेलं नाही.