पंथाची वही आणि पंथाचीं माणसें

पुण्याहून मुळा-मुठेच्या कांठानें पूर्वेस उतरत गेलें म्हणजे दौंड तालुक्यांत राहू हें गांव लागतें. भीमा ओलांडली कीं शिरूर तालुका. अशा कोणत्याहि गांवची मतदारयादी एखाद्या जाणत्या गृहस्थास मोठ्यानें वाचावयास सांगा. “हा चाकणला कारखान्यांत लागला, ही मुंबईस नांदावयास गेली, हे तर केव्हांच वारले,” अशी त्याची टीप वाचतांवाचतां चालूच राहील. यादी खोटी नसते. ती माणसांहून सावकाश चालते, इतकेंच. मॉर्मन पंथाचे अनुयायी खरोखर वाढत आहेत काय, हा पुष्कळदां विचारला जाणारा प्रश्न मुळांत अशाच एका यादीचा आहे.

हा ख्रिस्ती पंथ जोसेफ स्मिथ यानें १८३० सालीं अमेरिकेंतील न्यूयॉर्क राज्यांत स्थापिला. त्याचें मुख्य ठाणें यूटा राज्यांतील सॉल्ट लेक सिटी येथें आहे. पुण्यास हें नांव अगदींच परकें नाहीं. ह्यू फिंडले नांवाचा स्कॉच प्रचारक १८५२ सालीं मुंबईस उतरला, पुण्याच्या लष्करी वस्तींत आला आणि त्यानें तेथें एक लहानशी मंडळी उभी केली. तो मराठी शिकला. परंतु नव्या अनुयायांनीं यूटांत येऊन राहावें अशी त्या काळीं पंथाची शिकवण होती. म्हणजे मंडळी रुजावयाची ती उपटून नेण्यासाठींच! १८५६ च्या सुमारास हिंदुस्थानांतील हें कार्य थांबलें. आज साऱ्या भारतांत पंथाचे सभासद पंधरा हजारांच्या आसपास आहेत.

आतां जगाचा हिशेब पाहूं. पंथ दरवर्षीं आपले आंकडे प्रसिद्ध करतो. २०२२ च्या अखेरीस सभासद होते १,७०,०२,४६१. २०२३ च्या अखेरीस १,७२,५५,३९४. म्हणजे वर्षांत अडीच लाखांची, शेंकडा दीडची वाढ. त्या वर्षीं २,५१,७६३ जणांनीं नव्यानें बाप्तिस्मा घेतला व ९३,५९४ मुलांचीं नांवें वहींत चढलीं. बाप्तिस्मा आठव्या वर्षापूर्वीं देत नाहींत, पण मुलाचें नांव आधींपासून मोजलें जातें. या दोन रकमांची बेरीज ३,४५,३५७ होते, आणि एकूण वाढ मात्र २,५२,९३३ च. तेव्हां ९२,४२४ नांवें गळालीं असलीं पाहिजेत. हा गळतीचा आंकडा अहवालांत छापीत नाहींत. वाचकानेंच वजाबाकी करून तो काढावयाचा.

या वजाबाकींतच खरी गंमत आहे. पावणेदोन कोटींच्या घरांतील समाजांत ९२ हजार म्हणजे हजारीं साडेपांच. त्यांत मेलेले, आपण होऊन सोडून गेलेले आणि काढून टाकलेले असे सारेच आले. जगांत केवळ मृत्यूचेंच प्रमाण हजारीं सात-आठ पडतें. मॉर्मन समाज कांहींसा तरुण धरला तरी नुसत्या मृत्यूंस पुरेल इतकीहि ही गळती दिसत नाहीं. याचा उलगडा असा कीं, जो वीस वर्षांपूर्वीं येईनासा झाला व पत्ता बदलून गेला, त्याच्या मृत्यूची वार्ता मंडळीस कळवणार कोण? ठावठिकाणा न लागलेल्याचें नांव त्याच्या वयास एकशेंदहा वर्षें होईपर्यंत वहींत राहतें.

दुसरी कसोटी खानेसुमारीची. वही आणि खानेसुमारी यांत एक मोठा भेद आहे: एक मंडळी लिहिते, दुसरींत माणूस स्वतः सांगतो. ब्राझीलच्या २०१० च्या खानेसुमारींत २,२६,५०९ लोकांनीं आपण मॉर्मन असल्याचें सांगितलें. पंथाच्या वहींत त्या वेळीं अकरा लाखांवर नांवें होतीं. पांचांतला एकच माणूस आपलें नांव त्या पंथास लावीत होता! उरलेले चार कोठें गेले? बहुतेक कोठेंच गेले नाहींत. तरुणपणीं एकदां बाप्तिस्मा घेतला आणि पुढें आपल्या उद्योगास लागले.

यावरून पंथ खोटें बोलतो असें म्हणणें अन्यायाचें होईल. त्यांच्या मतें बाप्तिस्मा हा देवाशीं केलेला करार आहे. देवळांत न येण्यानें तो मोडत नाहीं. शिवाय खरी वाढहि आहे, मुख्यतः आफ्रिकेंत. काळ्या वर्णाच्या पुरुषांना पौरोहित्याचा अधिकार १९७८ पर्यंत नव्हता. तो मिळाल्यावर नायजेरिया, कांगो अशा देशांत मंडळ्यांवर मंडळ्या उभ्या राहिल्या.

“वाढ” या शब्दानें आपल्याकडेहि असाच घोंटाळा होतो. महाराष्ट्रांतील बौद्ध २००१ सालीं ५८,३८,७१० होते, २०११ सालीं ६५,३१,२०० झाले. संख्या वाढली, परंतु एकूण लोकसंख्येंतील वांटा शेंकडा ६.०३ वरून ५.८१ वर आला. यांतला पाहिजे तो आंकडा उचलून कोणी हर्ष मानतो, कोणी भय दाखवितो, आणि शेजाऱ्याशेजाऱ्यांत त्यावरून वितुष्ट येतें. म्हणून धर्मसंख्येचा आंकडा कानीं पडला कीं तो कोणीं लिहिला, आणि ज्याचें नांव त्यांत आहे त्याला तें ठाऊक आहे काय, हें आधीं विचारावें.

मॉर्मन पंथापुरतें माझें मत विचाराल तर वही वाढते आहे हें निश्चित. माणसेंहि वाढत असावींत, पण वहीच्या मानानें फार थोडीं. दर रविवारीं उपासनेस प्रत्यक्ष किती जण बसतात याची मोजणी मंडळ्यांतून होते. वार्षिक अहवालांत मात्र ती येत नाहीं.