कानशील का ठणकते?

पडसे झाले की नाक चोंदते, कपाळ जड होते. कधी कानशीलही ठणकते. ते का?

आपल्या चेहऱ्याच्या हाडांत पोकळ्या असतात. डॉक्टर त्यांना सायनस म्हणतात. गालांत, कपाळात, डोळ्यांच्या मधे आणि नाकाच्या पार मागे, अशा चार जोड्या. कानशिलात मात्र पोकळी नाही! पण नाकामागच्या पोकळीत पू साठला, की कळ कानशिलात येऊ शकते. दुखणे एकीकडे, कळ दुसरीकडे.

झोपेत दात आवळले तरी कानशील धरते. अर्धशिशीतही नाक वाहते. म्हणून आपण तिला सर्दीच समजतो.

सुंठीचा लेप आपल्या घरोघरी लावतात. लावा, पण पुढचे ऐका. डोळा सुजला, एकाचे दोन दिसले किंवा मान ताठली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. वय पन्नाशीपुढे, नुसती फणी लागली तरी कानशील दुखते, घास चावताना जबडा भरून येतो, असे असेल तर ती सर्दी नव्हे. कानशिलाची रक्तवाहिनी सुजलेली असू शकते. उशीर झाला तर नजर जाते, आणि गेलेली नजर बहुधा परत येत नाही. औषध आहे, ते त्याआधी सुरू व्हायला हवे.