ऐंशी मायक्रॉनचा हिशेब

लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. तुंगार्ली-खंडाळ्याच्या बंगल्यांची गेटं, ग्रिलं, जिन्याचे कठडे तो उघड्यावर सोसतात. मुंबईचे मालक शनिवारी येतात, पांढऱ्या गेटवर गंजाचा ओघळ बघतात आणि फॅब्रिकेटरला फोन लावतात. फॅब्रिकेटर टेम्पो भरून माल कामशेतजवळच्या आमच्या पावडर कोटिंगच्या शेडवर धाडतो. निरोप ठरलेला, "पावडर मारून द्या."

पावडर मारणं हे आमच्याकडचं जवळजवळ शेवटचं काम. त्याआधी टाक्या येतात. धंद्यात याला 'सेव्हन टँक' म्हणतात: तेल-ग्रीस काढायची टाकी, गंज काढायचं आम्ल, फॉस्फेट, पॅसिव्हेशन आणि मधेमधे साध्या पाण्याच्या धुवायच्या टाक्या. फॉस्फेटचा करडा, खरबरीत थर बसला की पावडरला धरायला जागा मिळते. काही जण हे सगळं टाळून लोखंड नुसतं घासतात, थिनरच्या फडक्याने पुसतात आणि गनखाली टांगतात. शेडमधून बाहेर पडताना दोन्ही गेटं सारखीच चकचकीत दिसतात. फरक दुसऱ्या पावसाळ्यात कळतो, तोवर बिल चुकतं झालेलं असतं.

पोकळ पाइपांचं काम त्याहून किचकट. वेल्डिंग कुठे अर्धवट राहिलं असेल, तर आम्लाच्या टाकीत त्या फटीतून आम्ल आत शिरतं. वरून कितीही धुवा, आतलं आतच राहतं. मग ओव्हनमध्ये ते उकळून बाहेर येतं आणि जोडावर फोड उठतो. म्हणून पाइपला खालच्या बाजूला निचऱ्याचं भोक पाडून आणा, असं मी फॅब्रिकेटरला सांगतो. डिझाइन बिघडतं म्हणून त्यांना ते आवडत नाही.

गनमधून निघणाऱ्या पावडरीला साठ ते शंभर हजार व्होल्टने भारित केलेलं असतं. करंट नगण्य असतो, पण माल हुकाला टांगून अर्थ केलेला असल्यामुळे पावडर त्याच्याकडे खेचली जाते. गन समोरून चालवली तरी थोडी वळसा घालून पाइपच्या पाठीवरही बसते. नक्षीच्या आतल्या कोपऱ्यात मात्र ती जायला तयार नसते. कडा तिला आधीच ओढून घेतात. अशा जागी आमचा गनमन व्होल्टेज उतरवतो, हवा कमी करतो आणि गन तिरकी धरतो. हुकावर जुन्या पावडरीचा थर साचला असेल, तर अर्थिंग तुटतं आणि पावडर बसल्यासारखी करून झडून जाते. पावसाळ्यात कॉम्प्रेसरच्या हवेत पाणी येतं आणि पावडरीच्या गुठळ्या होतात. जुलैत आमचा एअर ड्रायर एक दिवस बंद पडला, तर शेड बंद ठेवलेली परवडते.

नंतर ओव्हन. दोनशे अंशांच्या आसपास, दहाएक मिनिटं. ही मिनिटं धातू तापल्यापासून मोजायची, दार लावल्यापासून नाही.

आता मापाचं. थर साधारण साठ ते ऐंशी मायक्रॉनचा असतो, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी. ऐकायला किरकोळ. पण बिजागरीच्या भोकात ऐंशी मायक्रॉन दोन्ही बाजूंनी चढले की भोक 0.16 मिलिमीटरने लहान होतं. पिनवर तेवढेच चढले की पिन तेवढीच जाड होते. एकूण 0.32 मिलिमीटर गेले आणि काल हाताने फिरणारी पिन आज हातोडीने ठोकावी लागते. ठोकली की थर तडकतो. म्हणून भोकांत सिलिकॉनची बुचं, आट्यांवर उष्णता सोसणारी टेप.

तळेगावचा कॉलेजात जाणारा एक मुलगा आहे. बालेवाडीला दहा मीटर एअर पिस्तुलाचा सराव करतो. कठडा न्यायला आला तेव्हा विचारू लागला, "काका, बाहेरच्या देशांत लोक घरी बंदुकीच्या गोळ्या ओतून त्यांना पावडर कोटिंग करतात. ओव्हनमध्ये शिसं वितळत नाही का?"

नाही वितळत. शुद्ध शिसं 327 अंशांना वितळतं, पावडर दोनशेला पिकते. मधल्या फरकावरच ते सगळं चालतं. पूर्वी गोळीच्या खाचांत मेणचट वंगण भरत. आता त्याऐवजी थर देतात, म्हणजे शिसं नळीच्या आतल्या आट्यांना घासून चिकटत नाही, धूर कमी होतो आणि शिसं हाताला कमी लागतं. पण थराने गोळी जाड होते. मग ती ठरल्या व्यासाच्या पोलादी साच्यातून दाबून पुन्हा मापात आणतात. हिशेब बिजागरीचाच. आम्ही जागा आधी सोडतो, ते माप नंतर काढतात.

आपल्याकडे हा घरचा उद्योग नाही, हेही त्याला सांगितलं. 1959 च्या शस्त्र कायद्यात दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे सुटे भाग आणि तो बनवायची यंत्रंही येतात, आणि परवान्याशिवाय तो बनवणं गुन्हा आहे. हे काम करायला खडकीला 1869 पासून कारखाना आहे. त्याच्या एअर पिस्तुलाचे साडेचार मिलिमीटरचे छर्रे तर डबीत तयारच मिळतात. "मग शिशाचं काय?" म्हणाला. छर्रेही शिशाचेच. सराव झाल्यावर साबणाने हात धुवायचे आणि मगच वडापावला हात लावायचा.

पुन्हा गेटांकडे. उघड्यावरच्या कामाला पॉलिएस्टर पावडर लागते. इपॉक्सी स्वस्तात मिळते, धातूला घट्ट धरते, पण उन्हात तिची खडूसारखी भुकटी व्हायला लागते. ती घरातल्या रॅकला ठीक. लोणावळ्यासाठी शक्य असेल तर आधी जस्ताचा थर आणि त्यावर पॉलिएस्टर, असं मी सुचवतो. खर्च वाढतो, आणि दहातले आठ जण तिथेच "बघू" म्हणतात.

कापलेल्या धारदार कडांवर पावडर वितळताना मागे सरते. तिथे थर पातळ राहतो आणि गंज तिथूनच शिरतो. म्हणून कडा आधी घासून गोल करायच्या. आणि सगळं नीट झालं तरी बंगल्यावर फिटर गेट बसत नाही म्हणून कट मारतो, पुन्हा वेल्डिंग करतो, जळलेल्या जागेवर ब्रशने ऑइल पेंट फिरवतो. दोन-तीन महिन्यांत तिथून ओघळ सुटतो, आणि फोन मला येतो. एकदा पिकलेली पावडर ब्रशने जोडता येत नाही. गेट उतरवून, जुना थर काढून पहिल्या टाकीपासून सुरुवात करावी लागते. म्हणून आता माल घेतानाच विचारतो: गेट जागेवर एकदा लावून बघितलंय का? नसेल, तर टेम्पो तसाच लोणावळ्याला परत.